मोठी दुकाने आणि आपली पिशवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोला, असे चिटणीसताईंनी मला सांगितले आणि विषयही त्यांनीच दिला, मुंबईची मोठी दुकाने. मागल्या उन्हाळ्यात मी नणंदेकडे डोंबिवलीला महिनाभर राहून आले, एवढेच माझे या विषयातले भांडवल. शिक्षण सातवीपर्यंत. पण दुकानात जायला परीक्षा द्यावी लागत नाही, आणि एका पगारात वीस-बावीस वर्षे घर चालवलेल्या बाईला हिशेब काय तो कळतो. जे मला ठाऊक नव्हते ते व. वा. वाचनालयातल्या पुस्तकांतून वाचले, काही मुलीने शोधून दिले.

विषय घ्यायला मी लगेच कबूल झाले त्याला आणखी एक कारण आहे. आपण दरवर्षी उन्हाळ्यात तूरडाळ, गहू, दादर आणि दिवाळीला तेल-साखर एकत्र घेतो. आता गावातच मोठी दुकाने झाली, तिथे सूट मिळते, मग मंडळाने हा व्याप कशाला करायचा, असे काही भगिनींचे म्हणणे आहे. म्हणणे चूक नाही. पण त्याचा निकाल लावण्याआधी मोठे दुकान म्हणजे काय, त्याने आपल्याला काय दिले आणि काय नेले, हे नीट पाहावे असे मला वाटले.

आधी आपला जुना बाजार आठवा. माझ्या लग्नाचा बस्ता फुले मार्केटमधल्या एका दुकानात घेतला. दहा-बारा माणसे पांढऱ्या गादीवर, चपला पायरीशी. पुढे वडील, काका, मामा आणि मागे आम्ही बायका. दुकानातला माणूस एकावर एक शालू उलगडत होता, चहा येत होता. पण भावाची बोलणी सगळी वडिलांशी. आईला कोणती साडी आवडली हे विचारले, कितीपर्यंतची घ्यायची हे कोणी विचारले नाही. ‘तुम्ही घरचेच, तुम्हाला काय जास्त सांगणार’ असे म्हणत भाव सुरू व्हायचा आणि तो निम्म्यावर येईपर्यंत पुरुषमंडळींचा घसा सुकायचा. ज्याला बोलता येते त्याला स्वस्त आणि भिडस्ताला महाग, असा तो बाजार. वीस साड्या उलगडून झाल्यावर काही न घेता उठणे तर शक्यच नव्हते. तेवढे धाडस आमच्या आत्याबाईंनी एकदा केले, त्याची चर्चा एरंडोलपर्यंत गेली होती.

आता गंमत ऐका. जपानच्या टोकियो शहराला पूर्वी एदो म्हणत. तिथे १६७३ साली मित्सुई घराण्यातल्या एका व्यापाऱ्याने एचिगोया नावाचे कापडाचे दुकान काढले. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या वेळी तिकडचे कापडवाले बड्या लोकांच्या घरी माल घेऊन जात, उधारीवर विकत आणि भाव माणूस पाहून सांगत. या गृहस्थाने जाहीर केले, की माझ्या दुकानात पैसे रोख आणि भाव सगळ्यांना एकच. शिवाय अख्खा तागा घेण्याची सक्ती नाही, पाहिजे तेवढे कापड कापून मिळेल. साध्या घरातली बाई चांगल्या कापडाचा तुकडा घेऊ लागली ती तेव्हापासून. त्याच दुकानाचे पुढे मित्सुकोशी झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जपानचे पहिले सर्ववस्तू भांडार बनले. त्याला इंग्रजीत डिपार्टमेंट स्टोअर म्हणतात, म्हणजे एका छपराखाली कापड, भांडी, खेळणी, खाणे, प्रत्येकाचे वेगळे दालन. आणि आपल्याला जवळचे वाटेल ते असे, की टोकियोच्या या मोठमोठ्या दुकानांतही गिऱ्हाईक पादत्राणे दाराशी काढून आत जात असे. १९२३ च्या भूकंपात दुकाने उद्ध्वस्त झाली, नवी बांधली, तेव्हा ती रीत सुटली.

पॅरिसला १८५२ पासून बों मार्शे या दुकानात बुसिको नावाच्या गृहस्थाने हेच केले. मालावर किंमत लिहिलेली, पसंत नसेल तर परत. लंडनला सेल्फ्रिज यांचे दुकान १९०९ साली उघडले. तिथे बायकांना बसायला खोली, चहा, वाचायला वर्तमानपत्रे आणि स्वच्छतागृह अशी सोय होती. मला या साऱ्यात ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. चोपड्याहून, भडगावहून एसटीने बस्त्याला येणारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही. का पीत नाही ते इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. मुंबईत यासाठी बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवली. नाव ऐकून हसू येते, पण त्यातला त्रास हसण्यासारखा नाही. मॉलमध्ये काही घ्यायचे नसताना बाई तासभर हिंडते, तिला आपण नावे ठेवतो. ती तिथे थंड हवेत बाकावर बसते, मोरीला जाऊन येते आणि कोणाला उत्तर देत नाही. अशी जागा तिला गावात दुसरी कोणती आहे, ते सांगा.

आता मुंबईकडे येते. नणंदेने मला पहिल्यांदा क्रॉफर्ड मार्केट दाखवले. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची ही मंडई १८६९ साली पुरी झाली. पुढे तिला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव दिले. म्हणजे मुंबईतही फुले मार्केट आणि जळगावातही फुले मार्केट, फक्त तिथे लोक अजून साहेबाचेच नाव घेतात. जवळच कापडाचे मूळजी जेठा मार्केट आहे. ते नाव वाचून मी थबकले. आपल्या एम. जे. कॉलेजचे एम. जे. म्हणजे मूळजी जेठाच. आणि आपली खान्देश मिल त्याच पेढीच्या व्यवस्थेखाली एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. खान्देशचा कापूस, जळगावचे सूत आणि मुंबईचा बाजार यांची गाठ इतकी जुनी आहे.

साहेबाच्या काळात मुंबईत गोऱ्या लोकांसाठी मोठी दुकाने होती. त्यांतल्या व्हाइटअवे लेडलॉ या दुकानाच्या नावावरून लोक इंग्रजीत विनोद करीत, त्याचा अर्थ ‘ताबडतोब, आणि पैसे चुकते’. कारण तिथे उधारी नव्हती. पुढे त्यांच्याच इमारतीत खादीचे भांडार आले. याला काळाचा सूड म्हणायचे की काय ते तुम्ही ठरवा. त्याआधी, स्वदेशीच्या चळवळीत, १९०६ च्या सुमारास बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स निघाले. त्यात लोकमान्य टिळकांसारख्यांचा हात होता. परदेशी माल जाळायला सांगितला तर देशी माल मिळायची जागाही हवी, हे त्यांनी ओळखले होते.

पण मला ज्या दुकानांविषयी मनापासून बोलायचे आहे ती वेगळी आहेत. नायगावच्या कामगारांनी १९४८ साली सहकारी पद्धतीने एक रेशनचे दुकान काढले. युद्ध संपलेले, टंचाई, काळाबाजार. त्याच दुकानाचे पुढे अपना बाजार झाले आणि १९६८ साली नायगावातच त्यांनी सर्ववस्तू भांडार उघडले. गिरणीतल्या माणसाची बायको आपल्या मालकीच्या दुकानात जाऊ लागली. सहकारी भांडार हेही १९६८ चेच. मग १९७२-७३ ला महागाई भडकली, आपल्याकडे दुष्काळ होता, तेव्हा मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या मागून हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आणि १९७५ साली बिंदुमाधव जोशींच्या प्रेरणेने मुंबई ग्राहक पंचायत निघाली.

ग्राहक पंचायतीचे काम माझ्या नणंदेच्या शेजारणीकडे मी स्वतः पाहिले. तिथे दुकानच नाही. शेजारपाजारची काही घरे मिळून एक संघ करतात. महिन्याच्या आधी यादी भरायची, डाळ इतकी, तांदूळ इतके, साबण इतके. सगळ्या संघांची मागणी एकत्र होते, माल घाऊक घेतला जातो, आणि ठरल्या दिवशी टेम्पो येऊन एका घराच्या ओसरीवर सामान उतरवतो. मग बायका वाटप करतात, हिशेब करतात, कोणाचे काय कमी आले ते वहीत लिहितात. दिवाणखान्यात पोती, दारात मुले, आणि एक आजी चष्मा लावून पावत्या जुळवीत होत्या. मला आपल्या मंडळाची आठवण झाली. फरक इतकाच, की आपल्याकडे ते वर्षातून दोनदा आणि त्यांच्याकडे दर महिन्याला.

आता मॉल. मुंबईत हाजीअलीजवळ १९९९ साली क्रॉसरोड्स नावाचा मॉल उघडला, तो शहरातला अशा तऱ्हेचा पहिला मोठा मॉल. पाहायला इतकी गर्दी लोटली की चालकांनी अट घातली. ज्याच्याजवळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्याला आत सोडायचे, बाकीच्यांनी ६० रुपये भरायचे. त्या साली आमच्या आळीत एकाकडेही मोबाइल नव्हता. म्हणजे साऱ्या आळीलाच मनाई. ओरड झाली आणि ती अट पुढे गेली, त्या नावाचा मॉलही आता उरला नाही. पण मोठ्या दुकानाचे दोन चेहरे मला त्या एका गोष्टीत दिसले. भाव सगळ्यांना एक, असे म्हणत ज्याने दार उघडले, त्यानेच दारात कोण उभे आहे हे पुन्हा पाहायला सुरुवात केली. आज कोणी पैसे मागत नाही. तरी साध्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या बाईकडे दारावरचा माणूस कसा पाहतो, ते तिच्याबरोबर गेल्याशिवाय कळत नाही.

नणंदेचे सासरे एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत हेही. नंतर गिरणीत परत गेले नाहीत. आम्ही लोअर परळला फिनिक्स पाहायला निघालो तेव्हा ते बरोबर आले. फिनिक्स ही १९०५ सालची गिरणी, आता तिथे मोठा मॉल आहे. जुनी चिमणी ठेवली आहे. आजोबा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, “परळात पूर्वी कापड विणत, आता विकतात. तुम्ही या पाहून.” ते बाहेरच थांबले. आम्ही आत काय काय पाहिले ते सांगत बसत नाही. दिवे, सरकते जिने आणि किमती, तिन्ही डोळे दिपवणारे.

आणि आपल्याकडे तरी वेगळे काय झाले? खान्देश मिलचा भोंगा ऐकून ज्यांच्या सासूबाई भाकरी थापायला बसत, अशा भगिनी या सभेत असतील. त्याच मिलच्या जागेवर स्टेशनजवळ आज खान्देश सेंट्रल आहे. आपली मुले तिथे हौसेने जातात. जावे, माझे काही म्हणणे नाही.

मात्र जाताना डोळे उघडे ठेवून जावे, म्हणून दोन-चार घरगुती गोष्टी सांगते. तिथे ढकलायला गाडी देतात. ती अमेरिकेत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने १९३७ साली आणली. हातातली टोपली जड झाली की बायका खरेदी थांबवतात, हे त्याने पाहिले होते. सुरुवातीला लोक गाडीला हात लावीनात, तेव्हा त्याने माणसे पगारावर ठेवून त्यांना दुकानात गाड्या ढकलत फिरवले! आपली पिशवी भरली की आपण थांबतो. गाडी भरत नाही, म्हणून आपण थांबत नाही. दूध, पीठ, साखर अशा रोजच्या वस्तू बहुधा आत, मागे ठेवतात, म्हणजे सगळे दुकान ओलांडून जावे. पैसे देण्याच्या रांगेपाशी चॉकलेटे, नेमकी मुलांच्या हाताच्या उंचीवर.

वेष्टनावरची छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. तिच्याहून कमी भावाने विकायला कोणाला बंदी नाही, म्हणून ‘छापील किमतीवर सूट’ म्हणजे फार उपकार नव्हेत. बिस्किटाचा पुडा किंमत तीच ठेवून हळूहळू हलका होत जातो, ते तर तुम्हीही पाहिले असेल. यासाठी वेष्टनावर ग्रॅममागे किंवा किलोमागे काय पडते तेही छापावे असा नियम अलीकडे झाला आहे. अक्षर बारीक असते, पण चष्मा लावून तेवढेच वाचावे. मोठा पुडा नेहमी स्वस्त पडतो असे नाही. आणि पिशवीचे पैसे आधी न सांगता बिलात लावले तर विचारावे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० साली ही रीत अयोग्य ठरवली आहे.

आता उधारी. या बाबतीत आपण वाण्याला कधी देव करतो, कधी चोर. खरे म्हणजे उधारीचे गिऱ्हाईक बांधलेले असते. त्याला भाव विचारता येत नाही, डाळीत खडे निघाले तर बोलता येत नाही, आणि वहीत काय लिहिले ते वाचायची सोय नसते. रोख आणि एक भाव ही रीत आली तेव्हा बाई या बंधनातून सुटली, हे मी मघाशी सांगितले आणि ते खरेच आहे. पण त्याची दुसरी बाजू आपण २०२० साली पाहिली. मार्चअखेर सगळे बंद झाले. मॉल बंद झाले ते महाराष्ट्रात ऑगस्टमध्ये उघडले. किराण्याची मोठी दुकाने चालू होती, पण तिथे रांग आणि रोकड दोन्ही पाहिजेत. आमच्या गल्लीत दोन घरे रोजावर जाणाऱ्यांची, एक रिक्षावाल्याचे, एक धुणीभांडी करणाऱ्या बाईचे. कोणाच्याही घरात पैसा येईना. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने त्या चारही घरांना तीन महिने पीठ-मीठ दिले. का दिले, तर तो त्यांना नावाने ओळखत होता. यंत्रावर बिल करणारी मुलगी मनाने कितीही चांगली असली तरी तिला ते करता येत नाही, तिच्या यंत्रात त्यासाठी बटणच नाही.

शिवाय मोठी दुकाने कायमची असतात असेही नाही. बिग बाजारचे नाव पोराबाळांच्या तोंडी होते, ती दुकाने २०२२ साली मिटली. कोपऱ्यावरचा वाणी तोपर्यंत निघून गेलेला असेल तर मग आपण कोणाकडे जायचे, हाही विचार करावा लागतो.

तेव्हा आपल्या खरेदीविषयी. मी गेल्या खेपेचे सगळे भाव वहीत मांडून पाहिले, आपले एका बाजूला आणि मोठ्या दुकानाचे दुसऱ्या. साखर आणि साबण तिकडे स्वस्त पडले. तेल सारखेच, आणि डबे उचलायचा त्रास आपल्याच कमरेला. म्हणून दिवाळीची खरेदी मंडळाने सोडून द्यावी, असे माझेही मत झाले आहे. डाळीचे मात्र तसे नाही. तूरडाळीच्या गिरण्या आपल्या गावात आहेत, आपण पोत्याने घेतो, डाळ हातात घेऊन पाहतो, शिजवून पाहतो, मग ठरवतो. ती स्वस्तही पडली आणि वर्षभर टिकलीही. दादर आणि गहू यांचेही तसेच. वर्षाचे धान्य एरंडेल लावून, लिंबाचा पाला घालून कोठीत भरणाऱ्या घराची सोय मोठ्या दुकानातल्या पाच किलोच्या पिशवीने होत नाही.

आणि एक गोष्ट जमाखर्चाच्या पानावर दिसत नाही ती सांगते. दर उन्हाळ्यात मंडळाच्या शिल्लकीतून आपण सात-आठ घरांचे धान्य आधी भरतो आणि त्या भगिनी श्रावणापर्यंत हप्त्याने पैसे देतात. आजवर एकीनेही बुडवले नाही. एक भाव, माल पाहून घेण्याची मोकळीक, शिवाय अडचणीत थांबण्याची तयारी, या तिन्ही गोष्टी एके ठिकाणी मला मुंबईतही फारशा दिसल्या नाहीत. आपण व्याप सोडला तर ही सात-आठ घरे कुठे जातील, याचे उत्तर सूट सांगणाऱ्या भगिनींनी मला द्यावे. उत्तर पटले तर मी वही त्यांच्या हवाली करीन.

तोपर्यंत वही माझ्याकडे आहे. कार्यक्रम संपल्यावर दाराजवळच्या टेबलावर ठेवते. ज्यांना डाळ, दादर, गहू पाहिजे त्यांनी नाव आणि किलो लिहावेत, म्हणजे महिनाअखेर गिरणीत भाव विचारायला जाता येईल. बरोबर यायला दोघी हव्यात, त्यांतली एक तरी डाळ पारखणारी असावी. हप्त्याने देणाऱ्यांनी वहीत तशी काही खूण करू नये. मला तोंडी सांगितले तरी पुरे.